मागील बाकी

फराळाची यादी घरी लिहिली जाते, पण पक्की होते ती दुकानात. यादीवर नुसतंच 'पोहे दोन किलो' असतं. काउंटरमागचा माणूस वर न बघताच विचारतो, "चिवडा भाजून करणार की तळून?" भाजून म्हटलं तर पातळ पोहे, तळून म्हटलं तर दगडी. रवा लाडवाला बारीक. बेसन लाडवाचं असेल तर रवाळ, शेवेचं असेल तर बारीक. मग तो यादीवरून एकदा बोट फिरवतो आणि म्हणतो, "डाळं लिहिलेलं नाही." डाळं खरोखरच विसरलेलं असतं. खसखशीचा भाव ऐकून गिऱ्हाईक दचकतं, तेव्हा शंभर ग्रॅम कशाला, पन्नासात अनारसे होतात, हेही तोच सांगतो. म्हणजे स्वतःची विक्री स्वतःच निम्म्यावर आणतो.

पुण्याच्या जुन्या पेठांतल्या कुठल्याही चालत्या किराणा दुकानात दसऱ्यानंतर हा संवाद दिवसभर चालू असतो. बिलावर मात्र पोहे, रवा, बेसन, डाळं एवढंच येतं. विचारलेल्या प्रश्नांचा आकार लावायची पद्धत नाही.

लहान दुकानदार आणि ऑनलाइन कंपन्या यांच्यातल्या झगड्याकडे आपण भावाचा झगडा म्हणून बघतो. कुणाकडे कुकर दोनशे रुपयांनी स्वस्त, कुणाकडे साडीवर किती टक्के सूट. त्या मोजणीत दुकान बहुतेक वेळा हरतं. पण दुकान जे देतं त्यातला मोठा भाग बिलावर नसतोच: सल्ला, उधारी, बदलून देणं, बसल्या जागी उलगडून दाखवलेल्या तीस साड्या. या सगळ्याचा खर्च दुकानदार मालाच्या नफ्यातून काढतो. माल आपण दुसरीकडून घेतो आणि ही सेवा मात्र त्याच्याकडूनच मिळत राहील असं गृहीत धरतो. दिवाळीच्या तोंडावर 'लोकल घ्या, स्थानिक घ्या' असे जे संदेश फिरतात, त्यांत नेमकी ही गोष्ट सुटलेली असते.

आळीआळीचा माल

दिवाळीची खरेदी एका दुकानात न होता दहा ठिकाणी होते, हे पुण्याच्या मध्यवस्तीइतकं ठळक फार कमी ठिकाणी दिसतं. पणत्या, बोळकी आणि किल्ल्यावरचे मावळे कसब्यातल्या कुंभारांकडे. तांब्याचं घंगाळ पॉलिश करून घ्यायचं किंवा नवं घ्यायचं तर तांबट आळी. विजेच्या माळा तपकीर गल्लीत. दोरी, खोकी, पिशव्या, खिळे-हातोडी बोहरी आळीत. कापड आणि सोनं लक्ष्मी रस्त्यावर. दिवाळी अंक आणि लक्ष्मीपूजनाच्या चोपड्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास. बाकी उरलंसुरलं, म्हणजे रांगोळीच्या छाप्यांपासून भातुकलीपर्यंत, तुळशीबागेत.

ही रचना कुणी नियोजन खात्यात बसून आखलेली नाही. तुळशीबागेतल्या राममंदिराचं काम नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१ साली सुरू केलं. देवळाला लोक येतात म्हणून दुकानं आली, आणि पुढे दुकानांना येणारे लोक जाता जाता देवळात डोकावू लागले. शेजारची मंडई १८८६ची. तिला आधी गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. नगरपालिकेचे सदस्य म्हणून जोतीराव फुले यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ती वास्तू महात्मा फुले मंडई म्हणूनच ओळखली जाते. आणि मजा अशी, की दिवाळीत खरी उलाढाल त्या अष्टकोनी इमारतीपेक्षा तिच्याभोवतीच्या रस्त्यांवर, पथाऱ्यांवर होते. झेंडू, केळीचे खुंट, लाह्या-बत्तासे, शिंदीच्या पानांची केरसुणी.

केरसुणीचंच बघा. लक्ष्मीपूजनाला ती लागते, हळदकुंकू वाहायला. वर्षभर घरात झाडायला प्लॅस्टिकचा झाडू असतो. त्यामुळे शिंदीची केरसुणी बांधणाऱ्याची वर्षाची कमाई मोठ्या प्रमाणात या चार दिवसांवर येऊन ठेपली आहे. कुंभाराचंही तसंच. घरात माठाच्या जागी फ्रिज आला, कुंडी प्लॅस्टिकची झाली, राहिल्या त्या पणत्या आणि मावळे. डोक्यावर पाटी घेतलेली गवळण, सिंहासनावर बसलेले महाराज, तोफ, वाघ, विहिरीवरची बाई. मातीचा माल पावसात वाळत नाही, म्हणून ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाकडे त्याचा जीव टांगलेला असतो. आठ दिवस उघडीप मिळाली नाही, तर भट्टी लागत नाही आणि सण मात्र कुणासाठी थांबत नाही.

श्रावणात लागणारी दिवाळी

गिऱ्हाइकाची दिवाळी वसुबारसेला सुरू होते, दुकानदाराची श्रावणात. कापडवाला सुरतेच्या व्यापाऱ्याकडे ऑर्डर नोंदवतो ती गणपतीच्या आधी. भाद्रपदात गणपती, मग पितृपक्षाचे पंधरा दिवस. त्या दिवसांत नवी खरेदी टाळायची रीत असल्यामुळे दुकानात माशा मारायची वेळ येते. पण नेमका त्याच काळात माल येऊन पडत असतो आणि त्याचं देणं मागे लागलेलं असतं. हा माल बऱ्याचदा उधारीवर उचललेला असतो, काही वेळा सहकारी बँकेच्या कॅश क्रेडिटवर. दिवाळीच्या पंधरवड्यात तो उठला तर देणी भागतात, दुकानातल्या पोरांचा बोनस निघतो आणि पुढच्या दोन-तीन थंड महिन्यांचं भाडं हातात राहतं. नाही उठला, तर तो माल नुसता पडून राहत नाही, व्याज खात राहतो.

बोनसची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बोनसचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. तीन पोरं कामाला असलेल्या दुकानाला तो लागत नाही. तरीही दिवाळीला पगार, वर काही रक्कम, मिठाईचा पुडा आणि कपडे दिल्याशिवाय दुकानदाराला पेठेत मान वर करून बसता येत नाही. कायद्याने नाही, रीतीने तो बांधलेला असतो. ज्याच्याकडे हे द्यायला जमत नाही, त्याची पोरं पाडव्यानंतर शेजारच्या दुकानात दिसतात.

आता नफ्याकडे बघू. कंपनीचं बिस्किट, साबण, टूथपेस्ट यांवर किरकोळ दुकानदाराला सुटतात ते साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. सुट्या मालात, म्हणजे डाळी, पोहे, गूळ, सुका मेवा यांत थोडे जास्त, पण तिथे घट, किडका माल आणि निवडण्याची मजुरी असते. त्यातून उधारी. समजा एका दुकानाची पन्नास घरांत सरासरी दोन हजारांची उधारी आहे. म्हणजे एक लाख रुपये बाहेर अडकलेले, बिनव्याजी, बिनतारण आणि बहुधा फक्त एका वहीच्या भरवशावर. दहा टक्के सुटत असतील, तर अडकलेले लाख रुपये नफ्यातून भरून काढायला दहा लाखांचा माल विकावा लागतो. बँकेत इतकं कर्ज काढायचं तर आपण किती कागद दिले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

करांची भानगड वेगळीच. २०२५च्या दिवाळीआधी, २२ सप्टेंबरपासून, जीएसटीचे टप्पे बदलले. साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही गोड बातमी. पण दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेले अनेक छोटे दुकानदार कंपोझिशन योजनेत असतात. तिथे कागदपत्रांची कटकट कमी, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे जुन्या दराने घेतलेल्या साबणाच्या पेटीतला कर हा त्यांचा खर्चच. गिऱ्हाईक मात्र नव्या भावाने मागणार, आणि ते रास्तही आहे. अशा वेळी फरक सोसतो कोण, हे सांगायला नको.

मोबाइलवरचा बाजार

पेठेतल्या व्यापाऱ्यांना एक दिवस बरोबर आठवतो: ६ ऑक्टोबर २०१४. फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे'. ॲमेझॉनचं भारतातलं दुकान त्याआधीच, जून २०१३ मध्ये उघडलं होतं. २०१४ची दिवाळी २३ ऑक्टोबरला होती. 'बिग बिलियन डे'ला गर्दीने फ्लिपकार्टची वेबसाइट कोलमडली, कंपनीने गिऱ्हाइकांची माफी मागितली, वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. पण एक पायंडा पडला तो पडलाच. तोवर दिवाळीची खरेदी बोनस हातात आल्यावर होत असे. आता ती नवरात्रातच, हप्त्यावर, अंथरुणात पडल्या पडल्या होऊ लागली. म्हणजे वर्षभर ज्या पंधरवड्याकडे डोळे लावून बसायचं, त्या पंधरवड्यातली मलई आधीच कुणीतरी काढून नेलेली असते.

यात बेकायदा काही आहे का? कायदा सांगतो की परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन कंपन्यांनी फक्त बाजारपेठ चालवायची, स्वतःचा माल विकायचा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने हे नियम आणखी आवळले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ते लागू झाले: ज्या विक्रेत्यात कंपनीची भागीदारी, त्याने त्या बाजारात विकायचं नाही, आणि कंपनीने भावावर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रभाव टाकायचा नाही. दिल्लीतल्या व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. या कंपन्या ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप देतात, असा तपासाचा निष्कर्ष २०२४ मध्ये समोर आला. कंपन्यांनी गैर काही केल्याचं नाकारलं आहे. हा झगडा आपल्या गल्लीत सुटणारा नाही. पण 'ऑनलाइन स्वस्त असतं' या वाक्यामागे किती वकील उभे आहेत, हे ठाऊक असलेलं बरं.

दरम्यान दहा मिनिटांत घरपोच देणारे आले. त्यांनी कपडे-मोबाइलवाल्यांनी न शिवलेल्या दुकानाला हात घातला, किराण्याला. कंपन्यांच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये दावा केला की वर्षभरात देशात दोन लाखांच्या घरात किराणा दुकानं बंद झाली. आकडा संघटनेचा आहे, तो तसाच घ्यावा. पण पेठांत फिरताना एक गोष्ट नजरेस पडतेच: जिथे वाण्याचं दुकान होतं, तिथे आता केक, मोबाइलची कव्हरं किंवा चहाचा अड्डा आहे. मुलगा आयटीत गेला, बापाचे गुडघे थकले, पागडीच्या गाळ्याला बिल्डरने चांगले पैसे दिले. दुकान बुडालं असं कुणी म्हणत नाही. ते मिटतं.

सगळ्यात जास्त चीड दुकानदाराला कशाची येते? स्पर्धेची नाही. 'बघून जाणाऱ्या' गिऱ्हाइकाची. मिक्सर चालवून बघायचा, भांड्यांतल्या पात्यांची धार पारखायची, वॉरंटीचं सगळं विचारायचं, मोबाइलवर मॉडेल नंबरचा फोटो काढायचा आणि 'जरा फिरून येतो' म्हणून निघायचं. पुढे मिक्सर बिघडला की मात्र याच दुकानात येऊन सर्व्हिस सेंटरचा पत्ता विचारायचा. पत्ता मिळतो. पत्त्याचाही आकार लागत नाही.

१ ते ४

इथपर्यंत वाचून दुकानदार बिचारा आणि गिऱ्हाईक कृतघ्न असं चित्र होत असेल, तर ते अर्धवट आहे. मराठी गिऱ्हाइकाला दुकानापासून तोडण्यात दुकानांचाही हात आहे. दुपारी एक ते चार बंद, हा पुणेरी विनोदांचा अक्षय ठेवा होता. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली. ज्या निर्णयाची बातमी होते, तो निर्णय घ्यायला किती उशीर झाला होता, हे वेगळं सांगायला नको.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी अजून कित्येक ठिकाणी आहे. पक्कं बिल मागितलं की चेहरा बदलणारे दुकानदार आहेत. 'घ्यायचं असेल तरच उलगडतो' म्हणणारेही आहेत. दिवाळीत खवा संशयाचा निघतो, सुका मेवा मागच्या वर्षीचा असतो, कंदिलाचा भाव गिऱ्हाइकाची गाडी बघून ठरतो. आणि पोरं? दिवाळीच्या पंधरवड्यात सकाळी नऊ ते रात्री अकरा उभ्याने काम करतात, दुकानात बसायला स्टूल नसतं. स्थानिक म्हणजे आपोआप चांगलं, असं मानायचं कारण नाही. जे दुकान गिऱ्हाइकाला आणि कामगाराला नीट वागवत नाही, ते आपल्या भाषेत बोलतं एवढ्यासाठी त्याला तगवायची जबाबदारी कुणावर नाही.

पण बदलही दिसतो. बोळकी विकणाऱ्या बाईच्या पाटीतही क्यूआर कोड असतो. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही, त्याचा हा परिणाम. किराणावाले व्हॉट्सॲपवर यादी घेतात आणि संध्याकाळी पोराच्या हाती सामान पाठवतात. तसं पाहिलं तर घरपोच सेवा पेठेत नवी नाहीच, फक्त सायकलच्या जागी स्कूटर आली. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि मंडई हे स्थानक झालं. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला आता तुळशीबागेत यायला पार्किंग शोधत लक्ष्मी रस्त्यावर चार फेऱ्या माराव्या लागत नाहीत. पेठेला जे पिढ्यान्‌पिढ्या छळत होतं, ते निदान या एका मार्गाने हलकं झालं.

आणि २०२० विसरू नये. टाळेबंदीच्या, मार्चअखेरच्या त्या आठवड्यांत ऑनलाइन कंपन्यांचे स्लॉट मिळेनात, तेव्हा कोपऱ्यावरचं दुकान अर्ध्या शटरने चालू होतं. कुणाच्या घरी म्हातारी माणसं एकटी आहेत, कुणाला साखर चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पुढे जूनमध्ये दुकानं रस्त्याच्या एका बाजूची आज, दुसऱ्या बाजूची उद्या अशी उघडू लागली, तेव्हा कापड आणि भांडीवाल्यांचा अर्धा हंगाम गेलेला होता. मार्चमध्ये आपण बाल्कनीत उभं राहून टाळ्या कुणाकुणासाठी वाजवल्या ते आठवलं, तर वाण्याचं नाव त्या यादीत नव्हतं.

दिवाळी अंकाचं देणं

हा विषय दिवाळी अंकात यावा, याला आणखी एक कारण आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा वाचकांच्या वर्गणीइतकीच जाहिरातींवर उभी आहे. कुठलाही जुना दिवाळी अंक उघडा. सराफ, साडीचं दुकान, आयुर्वेदिक उटणं, सहकारी बँक, छापखाना, मंगल कार्यालय, मसाले. त्यातल्या कित्येक दुकानांना त्या जाहिरातीने एक गिऱ्हाईकही मिळालं नसेल. संपादक ओळखीचा, अंक निघाला पाहिजे, म्हणून पान घेतलं. मराठी कथेच्या शंभर वर्षांच्या इतिहासात या पाव पान, अर्ध पान जाहिरातींचा वाटा किती, हा प्रबंधाचा विषय व्हायला हवा. परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन बाजारपेठेची जाहिरात दिवाळी अंकाला मिळत नाही, आणि मिळणारही नाही. तिला वाचक नको, क्लिक हवा. अंक विकणारी पुस्तकाची दुकानं आणि अंक फिरवणारी खाजगी वाचनालयं हीसुद्धा छोटी दुकानंच.

मग करायचं काय?

सगळी खरेदी पेठेतूनच करा, असा सल्ला देणं सोपं आणि निरुपयोगी. बिछान्याला खिळलेल्या आईसाठी ऑनलाइन औषध मागवणाऱ्याला कुणी दोष देऊ नये. बावधनमध्ये राहणारा, रात्री आठला कामावरून सुटणारा माणूस तांबट आळीत कधी जाणार? तरी काही गोष्टी करण्यासारख्या आहेत, आणि त्यांना उपकाराचा वास नाही.

पहिली: जिथे बघाल तिथे घ्या. दुकानदाराचा अर्धा तास घेऊन मोबाइलवर खरेदी करायची असेल, तर तो अर्धा तासही मोबाइललाच मागा. दुसरी: लवकर जा. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर जाऊन 'काय ही गर्दी' म्हणण्यापेक्षा कोजागिरीच्या आसपास जा. भाव बरा मिळतो, दुकानदाराकडे बोलायला वेळ असतो आणि त्याचा माल आठ दिवस आधी उठतो. हे आठ दिवस त्याच्या व्याजात मोजले जातात. तिसरी: पणतीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करायची आणि मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावायची, ही सवय सोडा. चौथी: पक्कं बिल मागा, बिघडलेला माल बदलून मागा. चांगल्या गिऱ्हाइकाने चांगलं दुकान घडतं.

पाचवी गोष्ट हाउसिंग सोसायट्या आणि कचेऱ्यांसाठी. दरवर्षी सभासदांना, कर्मचाऱ्यांना द्यायच्या भेटवस्तूंची एकगठ्ठा ऑर्डर कुठे जाते? तीच पिशवी शेजारच्या बचत गटाच्या चकल्या, कुंभाराच्या पणत्या आणि पेठेतल्या उटण्याने भरता येते. शंभर पिशव्यांची एक ऑर्डर एखाद्या बचत गटाला सुट्या विक्रीहून बरंच जास्त देऊन जाऊ शकते. फक्त ती गणपतीत नोंदवा, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नव्हे. आणि निम्मे पैसे आधी द्या, कारण बेसन-तेल उधारीवर आणणारी ती बाई पुन्हा कुठल्यातरी वाण्याच्याच वहीत आहे.

एवढं करूनही दुकान टिकेल ते दिवाळीवर नाही. दिवाळी त्याचं कर्ज फेडते. त्याला जगवतं ते जानेवारीतलं पाच किलो गव्हाचं पीठ, आषाढातला चहा-साखरेचा महिना, पितृपक्षात घेतलेली डाळ. सणाच्या भरात 'स्थानिक घ्या' म्हणून एकदा दोन हजारांची खरेदी करण्यापेक्षा दर महिन्याला पाचशेची केली, तर वर्षाचे सहा हजार होतात आणि दुकानदाराला माल कधी मागवायचा हे आधी कळतं.

लक्ष्मीपूजनाला पेठेतले व्यापारी अजूनही लाल कापडी बांधणीची चोपडी पाटावर मांडतात. हिशेब सगळा संगणकावर असला, तरी पूजा वहीचीच. पाडव्यापासून नवी वही सुरू होते आणि जुन्या वहीतलं न फिटलेलं देणं नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'मागील बाकी' म्हणून उतरतं. तुमचं नाव त्या पानावर असेल, तर या वर्षी धनत्रयोदशीच्या आत ती रक्कम चुकती करून या. सूट मागू नका, आणि जाताना जानेवारीची यादीही देऊन या.